फेर्मीनचा अर्धा पावा

फेर्मीन तिकोना आमच्या शाळेचा शिपाई होता. मी तेथे एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो. त्या काळात घंटा वेळेवर झाल्याचे मला स्मरत नाही. ती नेहमी दोन मिनिटे आधी होई. कारण विचारले की तो म्हणे, "सर, हात थांबत नाही."

हाच हात सिकूही वाजवी. सिकू म्हणजे आमचा जोडपावा: अर्धे स्वर एकाच्या नळ्यांत, उरलेले दुसऱ्याच्या. एकट्याने फुंकला तर गाण्याला भोके पडतात. फेर्मीनकडे पुढची बाजू असे आणि मागची त्याच्या मुलाचा धर्मपिता एउलोखिओ लारूता याच्याकडे. सत्तर साली संताच्या उत्सवात वाजवताना फेर्मीन इतका पुढे धावला की एउलोखिओने भर मिरवणुकीत पावा पोंचोखाली घातला आणि तो घरी निघून गेला. तेव्हापासून दोघांत अबोला होता. घरांमध्ये भिंत मात्र एकच.

पंचाहत्तर साली ऑर्गन आणि विजेची गिटार वाजवणारी काही तरुण मुले ला पाझच्या आमच्या चढावर आली. त्यांची तबकडी निघायची होती. शब्द स्पॅनिश, एका बाजूला एकच लांबलचक गाणे, आणि त्याच्या मध्यावर सिकू.

ऑर्गनवाला रोलांदो म्हणाला, "दोन्ही बाजू तुम्हीच वाजवा, फेर्मीनकाका. टेपवर जोडून टाकू."

त्यानंतर तीन दिवस फेर्मीन बसला म्हणून नाही. एकच अंगण तो दोनदा झाडी. अखेर मला सोबत घेऊन तो एउलोखिओच्या दारी गेला. लारूतावहिनींनी मक्याची गरम आपी प्यायला दिली. एउलोखिओ बाहेर आला नाही. आतूनच म्हणाला, "त्याला सांगा, एकटाच पळायची हौस आहे ना, पळ म्हणावं."

ध्वनिमुद्रणाला मीही गेलो होतो. पुढे केलेला दुसरा पावा फेर्मीनने बाजूला ठेवला.

"अर्धं माझं, तेवढं वाजवतो."

"भोकं राहतील हो, फेर्मीनकाका."

"राहू देत. जागा तरी ठेवलेली दिसेल."

ऑगस्टमध्ये तबकडी आली. ग्रामोफोन गल्लीत माझ्याकडेच. फेर्मीनने ती उभ्यानेच ऐकली आणि संपण्याआधीच तो निघून गेला. पुढच्या रविवारी टोपी हातात घेऊन एउलोखिओ आला.

"सर, तो पोरांचा गोंगाट लावता का जरा? सहज आपलं."

सिकूची जागा येताच त्याने पोंचोखालून पावा काढला आणि तो भोके भरू लागला. तीनदा चुकला. मी सुई चार वेळा मागे ठेवली. मग त्याने बाहीने नळ्या पुसल्या.

"घाई. तबकडीत कोंबला तरी घाईच."

मी पुन्हा सुईकडे हात नेला.

"तुम्हाला सारखी सुई उचलायला लावणं बरं नाही," तो म्हणाला. "ज्याचं त्यालाच सांगतो."

मी खिडकीतून पाहत होतो. आपले दार ओलांडून तो शेजारच्या दारापाशी थांबला, बराच वेळ टोपी नीट करीत राहिला आणि मग त्याने एक थाप मारली.

दुसरी पडण्याआधीच दार उघडले.