ओट्यासमोरची खिडकी

ऑफिसात तिला सगळे खिडकीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण भिंतींना कान असतात आणि आर्किटेक्टचा तर भिंतींचाच धंदा, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं. म्हणणाऱ्यांचं चुकत नव्हतंच. हॉल कापा, बाल्कनी उडवा, ती हूं की चूं करत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीला हात लावला की मात्र बाईंची वाघीण व्हायची. ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचं काहीतरी दिसलं पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र.

ते ती कॉलेजात शिकली नव्हती, आईच्या पाठीकडे बघून शिकली होती. भाड्याच्या त्या जुन्या घरात ओट्यासमोर नुसती भिंत. आईने तिथे नदीचं चित्र असलेलं कॅलेंडर लावलं होतं. वर्ष सरलं, तारखा निकामी झाल्या, तरी उतरवलं नाही. एकतीस वर्षं त्या नदीकडे बघत तिने भांडी घासली. "मी तुला खरी खिडकी देईन," असं मुलीने दहाव्या वर्षी सांगून टाकलं होतं.

पुढे मोठ्या साहेबांनी नव्या इमारतीत तिला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट देऊ केला. अट एकच, दहा वर्षं नोकरी सोडायची नाही. सोडली तर फ्लॅट परत. ती एका पायावर तयार झाली. प्लॅनही तिचाच. दर मजल्यावर दोन फ्लॅट, त्यातला डावीकडचा तिने जीव ओतून काढला. आईला भिंतीशी उभं करून तिच्या डोळ्यांची उंची टेपने मोजली, इमारतीच्या डाव्या अंगाला असलेलं तळं समोर येईल अशी खिडकी बसवली. आणि उजवीकडचा? तो कोण काढत बसतो! डावा निवडायचा, कॉम्प्युटरला ‘मिरर’ सांगायचं, उलटी जोडी तयार. सगळेच करतात. साइटवर गेली तरी ती डावीकडेच जाऊन तळं बघत उभी राहायची.

डावे फ्लॅट गिऱ्हाइकांनी केव्हाच उचलले होते. तिच्या हातात किल्ली पडली ती उजवीकडची.

आईला घेऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली. खिडकी बरोबर आईच्या डोळ्यांसमोर होती, इंचाचीही चूक नाही. आणि खिडकीबाहेर चार फुटांवर शेजारच्या गोदामाची भिंत. पाच मजली, सलग. नकाशात ती नव्हती, कारण नकाशात हद्दीच्या रेषेपलीकडे कोरा कागद असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, "उजेड येतो हो," आणि डबे लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, उजव्या बाजूचा प्लॅन चुकलाय. माझ्याच हातून."

"पास झालाय ना? मग चुकला कसा?" साहेबांनी नकाशांची नवी गुंडाळी पुढे सरकवली. "उलट हाच पुढच्या प्लॉटवर टाकायचाय. संध्याकाळपर्यंत सही करा."

तिने गुंडाळी उघडली. "इथे तर दोन्ही बाजूंना इमारती आहेत."

"असू देत की! प्रत्येक स्वयंपाकघराला खिडकी आहे ना? तुमचाच हट्ट होता, बाई."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, नोकरीमागे फ्लॅट, आणि जुनं घर तर रिकामं करून दिलेलं. दिवसभर ती त्या कागदासमोर बसून राहिली. सहा वाजता सही केली. एकशे बारा स्वयंपाकघरं. स्वतःची एवढी चीड तिला कधीच आली नव्हती.

घरी आली तर आई ओट्याशी उभी होती. खिडकीच्या गजांना नदीचं कॅलेंडर सुतळीने बांधलेलं.

"आई, हे कशाला गं?"

"अगं, तिकडे नुसतं भिंतीला चिकटून असायचं. इथे वाऱ्याने हलतं तरी." आईने हात पुसले. "वरच्या मजल्यावरची येऊन बघून गेली. तिच्याही खिडकीसमोर तीच भिंत. कुठे मिळतं म्हणून विचारत होती. तुझ्या ऑफिसात मिळतील का गं अशी? किती लागतील, ते मी विचारून ठेवते."

किती लागतील, ते तिला ठाऊक होतं. तिने चपला काढल्या आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.