सिस्टरच्या भिंतीवरच्या सायकली

ताकसांडे सिस्टर नव्या माणसाला आधी गॅरेज दाखवत आणि मग घर. मी साताऱ्याकडची. बदली होऊन वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या शाळेत आले, तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि अंगणाच्या टोकाचं शटर वर ढकललं. आत गाडी नव्हती. तिन्ही भिंतींवर सायकली टांगलेल्या होत्या. आडव्या नव्हे, उभ्या. पुढचं चाक छताकडे, मागचं जमिनीपासून वीतभर वर. शटरच्या आवाजाने की वाऱ्याने कोण जाणे, एकीचं चाक सावकाश फिरत होतं. मी दारातच थांबले.

"काय पाहून राह्यल्या, मॅडम? सायकली हायेत. चावत नाईत," सिस्टर म्हणाल्या. "तुमची खोली मागं हाय. रोज इथूनच जा-ये करा लागन, म्हणून पयले हे दाखवलं. कोणी कोणी दचकते."

सिस्टरांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात जन्मभर नोकरी केली, त्यातली बहुतेक हाडांच्या वॉर्डात. उंच, हाडापेराने मजबूत, केस अगदी आखूड कापलेले. निवृत्त झाल्यावर त्या जामला नवऱ्याने बांधलेल्या घरात राहायला आल्या. हायवेवर त्यांच्या मिस्टरांचं टायरचं दुकान होतं. ते वारले, दुकान दुसऱ्याकडे गेलं, पण टायर टांगायचे लोखंडी हूक तेवढे सिस्टरांनी काढून आणले. गॅरेज मुलाच्या, प्रणयच्या गाडीसाठी बांधलेलं. प्रणय पुण्याला. त्याची गाडी दिवाळीला यायची आणि चौदा एप्रिलला यायची.

"दोन खेपा येणाऱ्या गाडीसाठी एवढी जागा रिकामी ठेवून काय करू?" त्या म्हणत. "मधात गाडी मावते, भिंतीवर सायकली मावते. भिंत कोणाच्या कामी येऊन राह्यली होती?"

डॉक्टरकीची, नर्सिंगची मुलं शिक्षण संपलं की सायकली हॉस्टेलमागे टाकून निघून जातात, हे त्यांनी नोकरीत असताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पावसात गंजत पडलेल्या त्या सायकली त्यांनी रीतसर विचारून मागून घेतल्या आणि मालवाहू ऑटोतून जामला आणल्या. चेन, ब्रेक, ट्यूब, जे लागेल ते घातलं. आसपासच्या खेड्यांतल्या ज्या मुलींना शाळेसाठी जामला यायचं असे आणि ज्यांच्या वेळेला बस नसे, त्यांना त्या एकेक सायकल देत. जूनमध्ये भिंती रिकाम्या होत. परीक्षा संपली की सायकली परत येत, कारण इकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला टायर तडकून जातो. पूर्ण उन्हाळा त्या गॅरेजच्या सावलीत भिंतीला टांगून काढत.

टांगण्याची त्यांची एक पद्धत होती. शेजारशेजारचे हूक कमीजास्त उंचीवर, म्हणजे हॅण्डलला हॅण्डल अडत नाही. प्रत्येक हुकाला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. आणि मुलीला सायकल देताना एकच परीक्षा. चालवून दाखवायची नाही. ती भिंतीवर टांगून दाखवायची.

"कंबर वाकवू नोको. गुडघे वाकव," त्या मागे उभ्या राहून सांगत. "मागच्या चक्क्यावर उभी कर तिले. आता जवळ घे. पेशंटले उठवतो तसं. पेशंटले दुरून उचललं का दोघंबी पडते."

मुलगी लाजायची, हसायची, एकदोनदा चुकायची. हुकात चाक बसलं की सिस्टर एवढंच म्हणत, "आता सायकल तुही. उतरवता सगळ्यांले येते. वापस ठेवता आली पायजे."

कौतुक त्यांना करताही येत नसे आणि करून घेताही. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा त्यांचा सत्कार ठरवला. शाल-श्रीफळ वगैरे. सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, इथं उन्हाळा केवढा, अन् तुमी शाल देऊन राह्यले. त्यापेक्षा चार घंट्या द्या. पोट्टीयच्या सायकलीले घंट्याच नाईत." घंट्या मिळाल्या. सत्कार राहून गेला.

माझ्या दहावीच्या वर्गातली काजल ही त्या मुलींपैकी एक. हायवेवरच्या पुढच्या खेड्यातली. घरची माळवं पिकवणारी माणसं. तिची आई जामच्या बाजारात वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसायची. काजल उंच होती. पहिल्याच दमात तिने सायकल भिंतीवर चढवली होती आणि मागे वळून "अजून एक देऊ का टांगून?" असं विचारलं होतं. सिस्टर त्या दिवशी हसल्या. मी त्यांना असं मोकळं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. शाळा सुटून काजल सायकलवरून हायवेने घरी चालली होती. रस्त्याच्या कडेनेच चालली होती, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. मागून आलेल्या टिप्परने तिला उडवलं.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा सिस्टर आधीच तिथे होत्या, काजलच्या आईशेजारी बाकावर. ती बाई सारखी उठून दाराकडे जात होती आणि सिस्टर तिला पुन्हा आणून बसवत होत्या. आतून डॉक्टर बाहेर आले. सिस्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते काही बोलायच्या आत काजलच्या आईला दोन्ही हातांनी धरलं.

दहाव्यानंतर काजलचे काका सिस्टरांच्या अंगणात आले. आत आले नाहीत. फाटकाशी उभे राहूनच बोलले.

"तुमची सायकल नसती, तर पोट्टी घरी राह्यली असती. जिती राह्यली असती."

सिस्टरांचा हात फाटकाच्या कडीवर होता. काका गेल्यावरही त्यांनी कडी सोडली नाही. मी हाक मारली तशा आत आल्या, पोळीचं पीठ मळायला घेतलं आणि मळतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, पोट्टीयले सांगजा. सायकली वापस आणून द्या म्हणा."

मी वाद घातला. परीक्षा तोंडावर आल्या आहेत, मुली येणार कशा, टिप्परवाल्याची चूक तुमच्या अंगावर का घेता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वॉर्डात माह्या हातून चूक नाई झाली का? झाली. पण तिथं पेशंट आधीच बिमार राहे. ही पोट्टी चांगली होती, मॅडम. चांगल्या पोट्टीच्या हातात म्या सायकल दिली."

मुली एकेक करून आल्या. प्रत्येकीने आपली सायकल मागच्या चाकावर उभी केली, गुडघे वाकवले, जवळ घेतली, हुकात अडकवली. सिस्टर खुर्चीवर बसून होत्या. एक छोटी टांगताना रडायला लागली, तेव्हा त्या उठल्या आणि तिच्या सायकलीला खालून हात दिला. पोलिसांकडून काजलची सायकल आली. मागचं चाक पार मुडपलं होतं. तीही त्यांनी टांगायला लावली. मग शटर खाली ओढलं.

भरल्या भिंतींचं ते बंद गॅरेज ओलांडून मी रोज शाळेत जात होते. काही मुली चालत येऊ लागल्या, काही काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून. काहींचं येणं बंद झालं. मी घरी येऊन सिस्टरांना त्यातलं काही सांगत नसे आणि त्या विचारत नसत. पण शाळा सुटायच्या वेळेला त्या ओट्यावर येऊन रस्त्याकडे पाहत उभ्या असत.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, काजलची आई आली. सोबत धाकटी पायल. सिस्टरांनी दोघींना घरात घेतलं, पाणी दिलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या दिवाणावर त्या दोघी अवघडून बसल्या. मी उठून जाऊ लागले, तर सिस्टरांनी मला खुणेनं बसवलं.

"पायल आठवीत गेली," काजलची आई म्हणाली. "तिले सायकल पायजे."

"नाई," सिस्टर म्हणाल्या.

"काऊन नाई?"

"तू मले विचारून राह्यली काऊन?" सिस्टरांचा आवाज एकदम चढला. "तुही पोरगी गेली. माह्या सायकलवरून गेली. तुह्या दीरानं मले सांगतलं, अन् खोटं नाई सांगतलं त्यानं."

"त्याचं त्याच्यापाशी." काजलची आई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत होती. "सिस्टर, एक रस्त्यावर गेली. हे दुसरी घरात बसून जाऊन राह्यली. सकाळी उठते, भांडे घासते, बसते. काजल असती त मले शिव्या दिल्या असत्या तिनं."

सिस्टर समोरच्या खुर्चीवर बसल्या. मग हळू म्हणाल्या, "मले भेव लागते, बाई."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मले नाई लागत का?" काजलची आई म्हणाली. "तरी आली न मी."

त्यानंतर सिस्टर उठल्या. पण त्या दिवशी त्यांनी सायकल दिली नाही. त्यांनी रस्त्याची चौकशी केली. हायवे टाळून वावरांतून एक जुनी पांदण जामच्या मागच्या अंगाला निघते, बैलगाड्यांची. लांबची होती आणि पावसाळ्यात चिखलाने बंद पडायची. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर ग्रामपंचायतीत जाऊन बसू लागल्या. सरपंच म्हणाले, मुरूम टाकायला मंजुरी लागेल. सिस्टर म्हणाल्या, "मंजुरी येऊ द्या. तोवर मी बसते." त्या खरंच बसल्या. दुपारचा डबाही तिथेच खाल्ला. पांदणीच्या कडेच्या शेतकऱ्यांकडे त्या घरोघर गेल्या. कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, सोडायला तयार होईना, कुणी लगेच तयार झालं. एका सकाळी पांदणीच्या तोंडाशी मुरमाचा ढीग पडलेला दिसला. ट्रॅक्टर काजलच्या काकांचा होता. ते सिस्टरांशी बोलले नाहीत, त्या दिवशीही आणि नंतरही. मुरूम मात्र टाकत राहिले, पांदण पक्की होईपर्यंत.

मगच शटर वर गेलं. मुली आल्या आणि सायकली उतरल्या. सिस्टरांनी आता नियम घातला, की एकटीदुकटीने यायचं नाही, सगळ्या मिळून, आणि पांदणीनेच. पहिले काही दिवस त्या स्वतः पुढे सायकलवर असत. पासष्टी ओलांडलेली बाई, साडीचा काष्टा, डोक्याला रुमाल, आणि मागे निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग. पायल त्यांच्या लगेच मागे. चढावर दम लागला की सिस्टर थांबत आणि पोरींना दटावत, "थांबा वो. घाई कोणाले हाय? शाळा कुठं पळून जाऊन राह्यली?"

मला त्यांच्याबद्दल पुष्कळ लोक विचारतात, आणि त्या धाडसी होत्या असं त्यांना ऐकायचं असतं. त्या धाडसी नव्हत्या. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी मुली दिसेपर्यंत त्यांचा चहा तसाच निवत असे. पांदणीच्या वळणावर पहिली सायकल दिसली की त्या वळून आत जात, जणू वाट पाहतच नव्हत्या. भीती गेली नव्हती. त्या तिच्यासकट सायकली देत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी अंगण झाडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. प्रणय पुण्याहून निघाला. गॅरेजचं त्याने नंतर मला सांगितलं, "मॅडम, आईचं आहे तसंच चालू द्या. मी गाडी बाहेर लावीन." किल्ली आता माझ्याकडे असते. तो यायच्या आधीची ती दुपार मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वर्ध्याहून, हिंगणघाटहून नातेवाईक बायका जमल्या होत्या. आंघोळ घालायची तयारी चालली होती. अंगणात पडदा धरला होता, पाणी तापत होतं. मुली कंपाउंडच्या भिंतीशी सायकली धरून उभ्या होत्या. एवढ्यात बाजारातून काजलची आई आली. हाताला ओल्या सांबाराचा वास तसाच. तिने नळावर हात स्वच्छ धुतले, पदर खोचला आणि कुणाला न विचारता सिस्टरांच्या उशाशी जाऊन बसली. हात लावून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

सिस्टरांच्या थोरल्या नणंदबाई तिला ओळखत नव्हत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी कोण? सिस्टरच्या कोण लागता?"

"मी काजलची आई."

ते नाव त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नणंदबाईंनी कोमट पाण्याची बादली उचलली, तिच्या हाताशी आणून ठेवली आणि स्वतः मागे सरकून तिला जागा करून दिली.