साडूंनी माझ्यावर पिच्चर काढला

दुसऱ्याच्या दुःखाचा एवढा शौकीन माणूस नांदेड आन् लातूर, दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी माझ्या साडूशिवाय दुसरा घावणार न्हाई. मी दुसरीच्या पुढं शिकलो न्हाई. गुरुजीच म्हणले होते, तू बाहेर बसलास तर आतल्या पोरांचं शिकणं हुईल. तवा माझ्या शब्दावर जाऊ नका, मुखेडात कुणालाबी इचारा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं फोटोचं दुकान, आन् लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा खरा धंदा. लग्नात लोक नवरानवरी बघत्यात, न्हाईतर जेवणाची पंगत बघत्यात. साडूचा कॅमेरा बघतो फक्त नवरीच्या आईला. ती रडंना झाली की हे हळूच तिच्या कानाशी जाणार, "मावशी, उद्यापसून घर कसं सुनं सुनं वाटंल, न्हाई?" बाईनं हंबरडा फोडला की लगीच म्हणणार, "आता जरा उजेडाकडं तोंड करा." एका लग्नात पाठवणीला कुणीच रडंना. कसं रडतील? जावई समोरच्या घरातला, पोरगी नुसता रस्ता वलांडून जाणार. साडूंनी तिच्या बापाला बाजूला घेतलं, काय बोलले देव जाणे, म्हातारा आसा ढसाढसा रडला की लग्न मोडलं का काय म्हणून नवऱ्याकडचे ताटावरून उठून पळत आले.

भूकंपाच्या पहाटं आमच्याकडंबी जमीन हालली. सगळी गल्ली बाहेर पळाली. साडू बाहेर आले, आन् कॅमेऱ्यासाठी पुन्हा आत पळाले. त्यांच्या मागं मी आत गेलो. धाडस म्हणून न्हाई, त्या अंधारात आत कोणतं आन् बाहेर कोणतं हेच मला उमगलं न्हाई. उजाडंपर्यंत साडूंनी गल्लीभर शूटिंग केली. मागून कॅसेट लावली तर नुसता काळोख आन् आवाज, कारण काचेवरचं झाकण काढायचं राहिलं होतं. त्या आवाजात "आयो, मेलो मेलो" म्हणून कोण वरडून राहिलंय ते सगळ्या मुखेडानं वळखलं. आजबी पोरं माझी तेवढी नक्कल बरोबर करत्यात.

किल्लारीकडं काय झालं ते दोन दिवसांनी कळलं, तवा हसायचं सगळ्यांचंच थांबलं. पुढं तिकडं नवी घरं बांधायची कामं निघाली. मी तिथं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला शिकलो आन् त्या जोरावर एका एजंटानं मला मस्कतला धाडलं. पहिल्याच दिवशी मला उंच मजल्यावर चढवलं. मी खाली बघितलं, एका खांबाला मिठी मारली, ती सुटंचना. चार माणसांनी मला खांबापसून सोडवून खाली आणलं. मुकादम म्हणला, ह्याला भटारखान्यात टाका. तवापसून मस्कतात मी कांदे सोलले. लोक म्हणत्यात परदेशात माणूस रोज रडतो, ते खरं हाय. तिकडचे कांदे लई झणझणीत. बाकी स्वयंपाक्याच्या बाजूला बसणारा माणूस उपाशी राहिलेला तुमी बघितलाय का?

हे मी घरी सांगितलं. पर मी काय सांगतो ते घरात कुणी खरं मानत न्हाई, कारण जन्मभर मी थट्टाच केलेली. आन् माझ्या माघारी माझी खबर पोचवायचं काम साडूंनी घेतलेलं. त्या सालांत लेकरू जरा हुशार निघालं की मायबाप त्याला लातूरला नेऊन ठेवायचे. गल्लोगल्ली क्लास, क्लासच्या मागं भाड्याच्या खोल्या, आन् खोलीखोलीत एक आई स्टोव्हसमोर बसलेली. माझी ज्योती हुशार. कुणावर गेली म्हाईत न्हाई, माझ्यावर तर न्हाईच. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून तिला घेऊन तिची आईबी लातूरला राहिली. साडू दर बाजाराला मुखेडहून एस.टी.नं ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तेलाचा डबा घेऊन जायचे. ह्याला मी न्हाई म्हणत न्हाई, माणूस एकदाबी चुकला न्हाई. पर डबा खाली ठेवला की चालू, "ज्योती बाळा, तू खा. तुझा बाप तिकडं उन्हात करपून राहिलाय, तू मातर पोटभर खा." आता आसं ऐकून कुणाच्या घशाखाली घास उतरंल?

मी सुट्टीवर आलो तवा साडू मुखेडच्या स्टँडवर कॅमेरा लावून उभे. मी बसमधून उतरलो. त्यांनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"साडूभाऊ, हे काय? तुमी तर सुजून आलात!"

"सूज न्हाई," म्हणलं, "मटन हाय."

त्यांनी कॅमेराच बंद केला. आसा नाराज झालेला माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

मंग लातूरला गेलो. ज्योती वाळून काडी झालेली. परीक्षा तोंडावर, आन् पोरगी मला म्हणते, "अप्पा, मी क्लास सोडणार हाय. शिवणकाम शिकते. तुमी परत जाऊ नका." मी कांद्यांचं सांगितलं, खांबाला मारलेल्या मिठीचं सांगितलं, पोटावरून हात फिरवून दाखवला. ती म्हणली, "मावसा म्हणले होते, तुमी आसंच सांगणार. आपलं दुःख हसण्यावारी नेणार." आता करा काय करता ते! खरं बोललो तर त्यागी ठरतो, आन् त्याग केला म्हणावं तर ती लगीच वह्यापुस्तकं बांधायला लागते.

आन् ह्या टायमाला साडूंनी ठरवलं, पोटासाठी दूर गेलेल्या कामगारांच्या त्यागावर पिच्चर काढायचा. स्टोरी माझी. म्हणलं, मंग हिरो मीच आसणार, तेवढीच हौस. तर म्हणले, "टेस्ट द्या." दुकानातल्या पडद्यासमोर, मागं काश्मीरचं तळं आन् कमळं, मला उभं केलं आन् म्हणले, "घरची आठवण आलीय." मी आठवण आणली. म्हणले, "ही भूक लागल्यावानी दिसून राहिली." दोन-तीन डाव केलं, शेवटी मी माझ्याच रोलमधी नापास झालो. माझा रोल समोरच्या इस्माईलभाई टेलरला गेला, कारण तो वाळका. मला दिला दुष्ट मुकादमाचा रोल, पोट बघून. त्यातबी मी कामगाराला शिव्या द्यायच्या ऐवजी "भाई, जरा सावलीत बस" म्हणून गेलो, तर मला बाहेरच काढलं. मुकादम मंग दिसलाच न्हाई, नुसता आवाज ठेवला, तोबी साडूचा.

वाळवंट पाहिजे होतं. ते लातूरला एका डाळमिलीच्या मागं घावलं. तुरीच्या भुश्श्याचे हे मोठे ढीग. लांबून बघितलं तर खरंच अरबस्तान. इस्माईलभाई घमेलं घेऊन त्यातून चालला आन् मांडीपर्यंत आत गेला. खाजवू खाजवू लाल झाला. "मेरेकू भोत काटरा भाई!" साडू खुश, "हेच पाहिजे! खाजवू नको, तसंच सोस!"

मंग मुखेडच्या स्टँडवर निरोपाचा सीन. इस्माईलभाई ट्रंक घेऊन चढणार, घरचे हात हालवणार, बस निघून जाणार. शेजारची पोरगी त्याची लेक झाली होती. खऱ्या पाशिंजरांनाबी साडूंनी रडायला लावलं. कंडक्टरनं घंटी मारली, बस गेली, सीन लई भारी झाला. एवढा भारी की इस्माईलभाईला खाली उतरवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं न्हाई. तो तिकीट काढून नायगावला जाऊन आला.

शेवट त्यांनी दुकानात काढला, आन् तो बघून माझं हसणं गेलं. कूलरच्या खोक्यातून कामगाराचं मढं घरी येतं. लेक म्हणते, माझ्या शिक्षणानं बाप खाल्ला, आन् आपली पुस्तकं चुलीत घालते. इस्माईलभाई खोक्यात दोनदा शिंकला, पर तिसऱ्या बारीला आसा मेला की लातूरहून बघायला आलेली माझी बायकोबी डोळ्याला पदर लावून बसली. आन् साडूंनी जाहीर केलं, पहिला शो लातूरला, ज्योतीच्या घरमालकाच्या गच्चीवर. "खरा पब्लिक तिथंच हाय."

मी त्यांच्या दुकानात गेलो. म्हणलं, "साडू, शेवट काढून टाका. पोरगी हे बघंल आन् दुसऱ्या दिवशी लातूर सोडंल."

"शेवट काढला तर पिच्चरमधी उरतंय काय? टेलर आन् भुसा?"

"मंग तिला बोलावू नका."

"तिच्याचसाठी तर काढलाय! बापानं काय सोसलं ते कळाय नको लेकराला?"

"बापानं कांदे सोललेत, साडू!"

"मंग तेच सोला जाऊन," म्हणले आन् शटर वढलं. मी बाहेर उभा, आन् दुकान उघडं आसायच्या टायमाला बंद झालेलं बघून दोन गिऱ्हाईकं मलाच बोलून गेली.

लातूरला जाऊन बायकोला सांगितलं तर आधी म्हणली, "दाजी लई मन लावून करून राहिले, तुमी आडवे नका येऊ." मंग भाकरी थापता थापता थांबली. म्हणली, "ज्योतीला त्या दिवशी कुठंतरी नेता का?" पर ज्योती ऐकणाऱ्यातली न्हाई. म्हणली, "माझ्या अप्पाचा पिच्चर हाय, मी पुढंच बसणार."

शोच्या दिवशी दिवस मावळायला गच्ची भरली. खोल्याखोल्यांतल्या आया, त्यांची चष्मेवाली लेकरं. साडू भाड्याचा टीव्ही लावून त्याच्या बाजूला उभे, तोंड पडलेलं. माझ्याकडं बघितलंसुद्दा न्हाई. पिच्चर चालू झाला. नांदेडला ज्यांच्याकडं लग्नाच्या कॅसेटी मिक्सिंग करायचे, तिथंच हीबी केलेली. त्यामुळं इस्माईलभाई भुश्श्यात घाम पुसतोय आन् चारी कोपऱ्यातून गुलाब फिरत येऊन राहिलेत. बायकोची आठवण आली तर दोन बदामांत दोघांची तोंडं. पोरं खिदळायला लागली, आयांनी त्यांना गप केलं, आन् मंग आयाबी हसल्या. माझं ध्यान टीव्हीकडं न्हवतंच, मी ज्योतीच्या मानंकडं बघत बसलेलो. ती हसत न्हवती.

शेवट आला. आता खोकं येणार. मी चप्पल पायात घातली, पोरगी उठून गेली तर मागं जायला.

तर टीव्हीत मुखेडचं स्टँड दिसलं. बस आली, पर मागून! पाठीमागं पाठीमागं सरकत आली. रस्त्यावरचा धुरळा चाकाखाली गेला, धूर नळीत शिरला. इस्माईलभाई पाठमोरा उतरला, ट्रंकेसकट. हात हालवणारे हात खाली घेऊ लागले. लेकीनं गालावरचं पुसलेलं पाणी पदराच्या शेवानं जणू परत डोळ्यांत भरलं. आन् इस्माईलभाई उलट्या पावलानं चालत चालत घरच्यांच्या मधी येऊन उभा राहिला. वर फुलांच्या माळेत अक्षरं आली, शुभविवाह. ते पुसायचं राहिलं होतं.

गच्ची नुसती फुटली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी म्हणलं, "ओ शूटिंगवाले, कॅसेट उलटी घातली की!" घरमालक म्हणला, "पुन्हा सरळ लावून दाखवा." साडू उभेच. मान खाली घालून वायर गुंडाळत होते. जन्मभर लोकांना रडवणारा माणूस, आन् सगळी गच्ची त्याला हसून राहिली होती. म्हणले न्हाईत की हे मुद्दाम केलंय. चुकलं म्हणले.

ज्योती एवढी हसली की तिला ठसका लागला. मंग माझ्याजवळ येऊन बसली. "अप्पा, खरंच कांदे?"

"खरंच."

"हात बघू." तिनं माझे दोन्ही हात घेतले, तळवे दाबून बघितले. "अगं बाई, हे तर आईपेक्षा मऊ हायत!" आन् खोलीत गेली, आन् आईला म्हणली, भूक लागलीय.

मी साडूला जिन्यात गाठलं. टीव्ही उचलायला हात लावला. म्हणलं, "नवीन शेवट काढायचा होता तर इस्माईलला पुन्हा बोलवायचं."

"टाइम कुठं होता? सगळ्या कॅसेटी उलथ्यापालथ्या केल्या." मंग म्हणले, "साडूभाऊ, जाणारा माणूस मी चार बाजूंनी काढला होता. येणारा काढलाच न्हवता."

ज्योती डॉक्टर न्हाई झाली. नर्सिंगला लागली, आन् आता कुवेतच्या एका दवाखान्यात हाय. शुक्रवारी फोन करते, जेवली का इचारलं की हसते. मी मस्कत सोडून मुखेडात येऊन पडलोय, साडूच्या दुकानासमोर. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत्यात. लग्नाचं शूटिंग त्यांचा ल्योक बघतो, साडूला नेत न्हाई, म्हणतो तुमी पावण्यांना रडवता. त्यांची पोरगी पुण्याला.

परवा दुपारी गिऱ्हाईक न्हवतं. साडू म्हणले, "आता पिच्चर काढायचा तर मागं राहिलेल्यांवर काढायचा."

म्हणलं, "त्यात दाखवणार काय?"

ते रस्त्याकडं बघत राहिले. उदगीरची गाडी येऊन गेली, उतरलं कुणी न्हाई.

"काय न्हाई," म्हणले. "बसलेलं दाखवायचं."

मी स्टूल जरा त्यांच्याकडं सरकवलं.