मेल्या म्हणणारी माणसं

आज मासळीबाजारात एका कोळणीनं नेहमीच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "मेल्या, महिनाभर कुठं उलथला होतास?" म्हातारा खुदकन हसला. माझी मुलगी मात्र माझ्या कानाशी पुटपुटली, "शी, बाबा! जिवंत माणसाला असं बोलतात का?"

बोलतात. माझी आई मला दिवसातून दहादा बोलायची. "मेल्या, जेवून घे." "मेल्या, भिजशील." पण मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळलो, तेव्हा ती एकदम "बाळा, राजा" म्हणू लागली. आजारी माणसाला मेल्या म्हणायचं नाही, हा तिचा नेम. तापानं नव्हे, त्या बाळा-राजानं माझी पाचावर धारण बसली. मग एका सकाळी मी पेजेची वाटी सरकवली आणि ती कडाडली, "मेल्या, गीळ मुकाट्यानं!" मी पेज प्यायलो. आपण वाचलो, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

सभ्य लोकांनी हा शब्द खुशाल टाकून द्यावा. मी टाकणार नाही. मुलीला तिथंच, चारचौघांत सांगितलं, "चल मेले, पापलेट संपतील."