बॉनेटवरचा हात

अण्णांचा हात जपायचा की अण्णांची गाडी?
मला याचं उत्तर अजून येत नाही.

आज माझ्या वडिलांचा तेरावा. ज्यांना यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी लिहितेय. आणि जे येऊन गेले त्यांच्यासाठीही, कारण काल मी काय केलं ते तुम्ही काकांकडून ऐकलंच असेल.

अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर होते. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच. मशीनमध्ये गेलेली. कोणी विचारलं की म्हणायचे, "पगारातून कापतात ना, तसंच. स्वल्प कापून घेतलं."

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. पदवीदानाला आम्ही तिघं रिक्षातून गेलो आणि उतरताना आईची नवी साडी चिखलाने भरली. परत येताना अण्णा म्हणाले, "आता घरात गाडी हवी."
मला वाटलं, असंच बोलतायत.
पुढच्या महिन्यात दारात एक जुनी पद्मिनी येऊन उभी राहिली. दोरी बांधून ओढत आणलेली.

मग प्रत्येक रविवार तिचाच.
जुना रंग खरवडायचा. पॉलिश पेपरने पत्रा घासायचा. मग डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचा, कुठे खड्डा राहिलाय का ते बघायला.

मी हात लावायला गेले की ओरडायचे.
"लावू नको गं. घामात मीठ असतं. उघड्या पत्र्याला लगेच तुक्कु धरतो."
तुक्कु म्हणजे गंज. कारखान्यातले शब्द अण्णांना कन्नडातच यायचे.
"मग तुम्ही लावता ते?"
"मी नंतर थिनरने पुसतो. तू सेल्फी काढून आत जातेस."

त्या रविवारी बॉनेट घासून पूर्ण झालं. पत्रा चांदीसारखा लखलखीत. अण्णांनी हात फिरवला, मग त्यावरच हात टेकवून बराच वेळ उभे राहिले. दमले असतील, असं मला वाटलं.
"सरी, ठीक झालं," ते म्हणाले. "चहा घेतो. मग पुसून प्रायमर मारू."

चहा गाळून होईपर्यंत अण्णा गेले होते. स्वयंपाकघराच्या दारात.

आमच्यात माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरून ठेवतात. वर टोपली, शेजारी दिवा. सकाळी बघतात, त्यात पाखराचा, मुंगीचा, कसला ठसा उमटलाय का. तो माणूस कोणत्या रूपात गेला ते त्यावरून कळतं म्हणे.
पीठ कोरं होतं.
आईने दिवसभर ताटाला हात लावला नाही.

दोन दिवसांनी काकांनी गाडीवरचं प्लास्टिक उचललं.

बॉनेटवर तपकिरी पंजा होता. अंगठा, तीन पूर्ण बोटं आणि एक अर्धं.

काकांनी हात जोडले. "पिठात नाही आला. इथे आला माझा भाऊ."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. कोणी फूल ठेवलं, कोणी हार. आईने दिवा उचलून गाडीपाशी आणला. त्या दिवशी ती पहिल्यांदा दोन घास जेवली.

मी सांगून टाकलं.
"काका, तो घाम आहे. अण्णांना पुसायचं राहिलं."
"डिग्री घेतलीस म्हणून बापाला घाम म्हणतेस?"
"गंज वाढेल. पत्रा जाईल. अण्णांनी इतके महिने घासलाय तो. आजच घासून प्रायमर मारायला हवा."
"सुतक आहे. या घरात कसलंही काम निघणार नाही."
आई डोळे पुसत एवढंच म्हणाली, "असू दे ना, मेघा."

मैत्रिणीने सुचवलं, वरून क्लिअर लॅकर मार, हात तसाच राहील. चांगली कल्पना वाटली. पण गंज लॅकरखाली थांबत नाही. आतून खात राहतो. एक दिवस हाताच्या जागी भोक पडलं असतं.
मी फोटो काढला. आईने फोनकडे बघितलंही नाही. "फोटो खूप आहेत त्यांचे."

मी रोज तो पत्रा बघत होते. ज्या गोष्टीमुळे आई जेवतेय, ती तिच्यापासून कशी काढून घेऊ? आणि नाही काढली तर अण्णांचे सगळे रविवार गेले. दोन्ही खरं होतं. कॉलेजात मला कायम वाटायचं, खरं सांगितलं की प्रश्न सुटतो. इथे खरं सांगून मी फक्त आईला रडवलं होतं.

काल सकाळी आई आदल्या दिवशीची फुलं काढायला गेली आणि तिथेच थांबली.
"इकडे ये. हे बोट बघ."
अर्धी तर्जनी आता अर्धी नव्हती. गंज पुढे सरकला होता. बोट पूर्ण झालं होतं.
"त्यांचं बोट एवढं नव्हतं," आई म्हणाली आणि फुलं घेऊन आत गेली.

ही परवानगी होती का?
मी विचारलं नाही. ती नाही म्हणेल, याची भीती वाटली.

हार काढला. पॉलिश पेपर घेतला. आधी अंगठा गेला. मग बाकीची बोटं. तळहाताला वेळ लागला, तिथे गंज खोल होता. थिनरने पुसलं. फवारायला कॉम्प्रेसर लावला असता तर आवाज गल्लीभर गेला असता, म्हणून प्रायमर ब्रशने लावला. रेघा उठल्यात. अण्णांनी बघितल्या असत्या तर जेवले नसते. सुकल्यावर पुन्हा घासाव्या लागतील.

काका गेटपाशी उभे राहून बघत होते. आत आले नाहीत. आज सगळे विधी त्यांनीच केले, माझ्याकडे न बघता. आई माझ्याशी कामापुरतं बोलतेय.

बॉनेटला प्रायमर लागलाय, अण्णा. तुमचा हात मीच पुसला.

सावकाश जा.