मामांची लाईन

कोपरा फाडलेलं कार्ड पूर्णेहून आलं, तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच परतले होते. वाचायच्या आधीच कळलं... तुकाराममामा गेले.

मामा रेल्वेत चावीवाले. रोज सकाळी हातोडा आणि दोन झेंड्या घेऊन ठरलेला टापू चालायचा, रुळांच्या सैल चाव्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. इंग्रजीशी त्यांचा संबंध एका शब्दापुरता, पण त्या एकाकडून त्यांनी गड्यासारखं राबवून घेतलं. रूळ म्हणजे लाईन, रेल्वे-मजुरांच्या खोल्या म्हणजे लाईन, नळापुढची रांगही लाईनच. वाह्यात पोरगा सुधारला की तो 'लाईनीवर आला'. एकुलत्या एका लेकीला, वत्सलाला, स्थळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पोरगा कोन्त्या लाईनीत हाय?" आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे निजामाची रेल्वे गेली, साहेब बदलले, पाट्यांवरची उर्दू पुसली गेली. मामा म्हणायचे, "लाईन तीच हाय."

वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन दिवस अडली. मी तेव्हा सुटीला मामांकडेच होते. सुईणीनं हात टेकले. म्हणाली, परभणीला दवाखान्यात न्या. पॅसेंजर थेट संध्याकाळी. मामी रुळाच्या कडेनं धावत सुटली, मी तिच्या मागे. मामा टापूवर होते, आणि परभणीकडे जाणारी मेल लांबून दिसत होती.

"अवो, लाल दावा! पोरगी मरायलीय!"

मामांनी हातातल्या झेंड्यांकडे पाहिलं. "लाईन चांगली हाय. लाल कशी दावू?"

त्यांनी हिरवी धरली. मेल आमच्यावर धूळ उडवत निघून गेली. दिवे लागायच्या आत वत्सला गेली, मूलही गेलं. मला मामांचा भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

मामा कामावर जात राहिले, बोलणं मात्र आटलं. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लाल दावली असती, तर थांबली असती का गं?"

"नाही मामा. मेल अशी थांबत नसते."

त्यांनी डोळे मिटले. चुलीपुढे मामी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

तेराव्याला गेले, तर मामीनं मला त्यांच्या रिकाम्या बाजेवर बसवलं.

"त्या दिवशी खोटं बोललीस, लय बरं केलंस," ती म्हणाली. "मला एवढी वर्सं जमलं न्हाई."