भंडाऱ्याला जायचंय

माझ्या सासूबाई मोहाडीच्या बाजारात हरवल्या त्या दिवशी सकाळी, कपबश्या विसळताना, माझ्या मनात आलं होतं की या आपल्या गावी निघून जातील तर किती बरं होईल. तोंडातून शब्द काढला नव्हता. पण मनात आलं होतं, आणि पुढचा सगळा दिवस मला वाटत राहिलं की देवाने नेमकं तेवढंच ऐकलं.

माझे यजमान साताऱ्याकडचे. सरकारी नोकरीत पहिलीच नेमणूक भंडाऱ्याची निघाली तेव्हा त्यांच्या घरी रडारड झाली होती म्हणे. पोराला जंगलात पाठवलं, तिकडे वाघ आहेत, हिवताप आहे, असं सगळं गाव बोलत होतं. दोन वर्षांनी त्यांचं माझ्याशी लग्न झालं. माझं माहेर मोहाडीपासून दीड तासाच्या वाटेवर, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, एक लहानसं गाव. सासरच्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांनी धरूनच ठेवलं होतं की आज ना उद्या बदली होईल आणि मुलगा बायकोला घेऊन परत येईल.

सासरे वारले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. ऐंशी साल उजाडायचं होतं. त्यांच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणायची. आत्याबाईंना इथलं काही म्हणता काही पटेना. दोन्ही वेळ भात कसला खाता? भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तर तो "सांबार पायजे का?" विचारतो, हे काय बोलणं? गावाच्या नावावर तर त्या रोज एकदा हसायच्या. "आमच्याकडं भंडारा म्हंजी खंडोबाची हळद. हितं आख्खं गावच भंडारा!"

हसण्याचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती बदलीच्या अर्जाची. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्यादेखत मुलाला विचारलं, "कागद कधी देतूयस सायबाला?"

"देतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता ताटातला भात कालवत राहिले.

मी उभ्या जन्मात नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. आमच्या गल्लीत सकाळी आठलाच पितळेच्या भांड्यांवर ठोके पडायला लागायचे. नव्या माणसाचं डोकं उठेल असा आवाज, पण मला त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. माहेरी तळ्याच्या पाळीवर उभं राहिलं की शिंगाडे काढणारे ढीवर पाण्यातूनच हाक मारून ओंजळभर शिंगाडे पाळीवर टाकायचे. पण अशा गोष्टी कुणाला कारण म्हणून सांगता येतात का? आईला एकटं सोडून इथेच राहा, असं मुलाला सांगायला एवढंसं कारण पुरतं का?

आत्याबाईंना इथली एकच गोष्ट आवडली होती, ती म्हणजे चिनोर तांदूळ. तो शिजला की चार घरं वास जातो. गावी न्यायला त्यांना तोच हवा होता, म्हणून बाजाराच्या दिवशी मी त्यांना एसटीने मोहाडीला घेऊन निघाले.

बसमध्ये त्यांनी एकदम विचारलं, "तुला येवढं काय आवडतं गं हितलं? खरं सांग."

मी बाहेर बघितलं. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, त्यांत गुरं फिरत होती. दाखवण्यासारखं काहीच दिसेना. मी म्हणाले, "सगळंच."

"सगळंच म्हंजी कायबी न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मोहाडीला उतरून आम्ही बाजारात शिरलो. गर्दी होती, धूळ होती, आत्याबाईंचे गुडघे दुखत होते. बाजाराच्या कडेला चिंचेखाली एक ओटा होता. तिथे त्यांना बसवलं, पिशव्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "इथून हलू नका. मी तांदूळ घेऊन येते." पैशाची पिशवी माझ्या कमरेला होती.

तांदूळवाल्याचं उघडलेलं पोतं जुन्या तांदळाचं निघालं. नवा घरी आहे, चाला दाखवतो, म्हणाला. घर जवळच म्हणत म्हणत गावाच्या दुसऱ्या टोकाला निघालं. तिथे त्याच्या बायकोने बसवून घेतलं, माहेरची ओळख निघाली, चहा आला. खरं सांगायचं तर मीही लगेच उठले नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माहेरच्या माणसांबद्दल बोलत होतं, आणि चिंचेखाली बसलेल्या बाईपासून तेवढाच वेळ सुटका होती.

परत आले तेव्हा ओट्यावर पिशव्या होत्या. आत्याबाई नव्हत्या.

आधी वाटलं, आडोशाला गेल्या असतील. पाच मिनिटं थांबले. मग झाडाभोवती फिरले, मग हाका मारल्या. समोरच बांगड्या विकणारी बाई बसली होती. ती म्हणाली, "काष्ट्याचं लुगडं नेसलेली बुडी ना? लय येळ बसली होती, वो. मंग उठली, रस्त्याकडं गेली. मले वाटलं तुमीच बलावलं."

मी रस्त्यावर धावले. बसथांब्यावर कुणी पाहिलं नव्हतं. पानठेल्यावर कुणी पाहिलं नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्याने बोट दाखवून सांगितलं, "एक बुडी नदीकडं जाऊन रायली होती." त्याला कोणती बुडी दिसली कोण जाणे, पण नदी म्हटल्याबरोबर मी तिथेच थांबले. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. परक्या मुलखात, बोली कळत नाही, हातात पैसा नाही, आणि सून निघून गेलेली. त्या बाईच्या मनात काय आलं असेल? आणि माझ्या मनात सकाळी काय आलं होतं?

तांदूळवाला माझ्यामागून पोतडी घेऊन येत होता. माझं तोंड बघून त्याने पोतडी बांगडीवालीजवळ टाकली, कुणाची तरी सायकल ओढली आणि नदीकडे गेला. बांगडीवालीने पेटी शेजारणीवर सोपवली आणि बाजारात एकेका ओळीत शिरून ओरडायला लागली, "साताऱ्याची बुडी पाह्यली का कोनी?" पोस्टातल्या माणसाने मला खुर्चीवर बसवलं आणि भंडाऱ्याला यजमानांच्या ऑफिसात फोन लावून दिला. लागायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी मनातल्या मनात शंभरदा वाक्य जुळवलं, आणि प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "आत्याबाई सापडत नाहीत."

पलीकडून ते म्हणाले, "तू कुठे होतीस?"

मी आत्ता कुठून बोलतेय तेवढं सांगितलं. "येतो," म्हणाले आणि फोन बंद झाला.

तांदूळवाला नदीवरून परत आला. त्याच्यासोबत दोन ढीवर होते, गुडघ्यापर्यंत ओले, खांद्यावर जाळं. त्यातला मोठा माझ्यासमोर उकिडवा बसला आणि लहान मुलीला समजावावं तसं म्हणाला, "भेव नोको करू, माय. सकाळपासून आमी पान्यात हाओ. वरून खालपर्यंत आमचीच मानसं हायेत. बुडी पान्याकडं आली नाही. जमिनीवर हाय, तं सापडनच."

त्याच्या बोलण्याने छातीवरचा दगड थोडा सरकला. तरी उन्हं कलायला लागली होती आणि मला रडूही येत नव्हतं. यजमान बसमधून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते थेट पोलीस चौकीकडे निघाले, मी मागे. तेवढ्यात एक सायकलवाला आला. कपाळाला गुलाल. बांगडीवालीचा आरडाओरडा ऐकून तो थांबला होता.

"साताऱ्याची बुडी काय? थे तं आमच्या गावच्या भंडाऱ्यात बसून हाय! रडून रायली. तिचं बोलनं कोनाले समजून नाही रायलं."

भंडारा म्हणजे आमच्याकडे गावजेवण. देवळात कीर्तन-सप्ताह संपला की सगळ्या गावाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पंगत. हे आत्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

यजमानांनी सायकलवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भंडाऱ्यात म्हणजे?"

मी सांगितलं. ते रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसले.

ते गाव तासाभराच्या वाटेवर होतं. तांदूळवाल्याने कुणाची तरी बैलबंडी जुंपून आणली. बंडीत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. पोहोचलो तेव्हा सूर्य तळ्यावर टेकला होता. देवळासमोर शेवटची पंगत उठली होती, पत्रावळी गोळा होत होत्या, आणि मंडपाच्या खांबाला टेकून आत्याबाई बसल्या होत्या. त्यांच्याभोवती पाच-सहा बायका. एकीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

आत्याबाईंनी मुलाला पाहिलं आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

हात धरून बसलेली बाई उठून सरळ माझ्यावर आली. पन्नाशीची, उंच, काळी, आवाज खणखणीत. "काहून वो बाई, सासूले असं टाकून जाते का कोनी? रस्त्यानं एकटी चालून रायली होती. मी बंडीतून विचारलं, भंडाऱ्याले चालल्या काय? हो म्हने. आमी पन भंडाऱ्यालेच चाललो, बसा म्हनलं. इथं आनलं, तं रडते! मोटार कुठी, हापिस कुठी, लेक कुठी म्हनते. आमाले काय समजन? वाढलं तं घास नाही घेतला. तुमी येईपर्यंत मी पन नाही जेवलो."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. इतका वेळ न आलेलं रडू एकदम आलं. तिने पाठीवर थोपटलं आणि मागे वळून कुणाला तरी ओरडली, "पाच पत्रावळी मांडा रे!"

मग आम्ही पाच जण जेवलो. आत्याबाई, यजमान, मी, तांदूळवाला आणि ती बाई. भात, वांग्याची भाजी, बुंदी. सगळं गार झालेलं. आत्याबाईंनी तीनदा भात मागून घेतला. त्या बाईने माझं नावगाव विचारलं, पण चूक कुणाची, हे पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी यजमान ऑफिसला गेल्यावर आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या. मी तांदूळ निवडत होते.

"मला वाटलं, तू मुद्दाम टाकून गेलीस," त्या म्हणाल्या.

माझे हात थांबले. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. "मुद्दाम नाही गेले," मी म्हणाले. "पण उशीर मुद्दाम केला. आणि तुम्ही परत गेलात तर बरं, असं मनात आलं होतं. बदलीची भीती वाटते मला."

मग त्या पुढे सरकल्या, सुपातले दोन खडे उचलून बाहेर टाकले आणि म्हणाल्या, "माझ्याबी मनात येतं. तू नसतीस तर ल्योक कवाच घरला आला असता." थोडं थांबून म्हणाल्या, "आता दोघींनीबी बोलून टाकलं. बरं झालं."

त्यानंतर आम्ही मैत्रिणी झालो असं नाही. आत्याबाई तांदूळ घेऊन गावी परतल्या, अर्ज गेला. चार वर्षं त्याला उत्तर आलं नाही, आणि टपालवाला दारात दिसला की त्या चार वर्षांत दर वेळी मला धस्स व्हायचं. मग हुकूम आला. यजमानांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू सांगशील तसं." आत्याबाई तिकडे एकट्या होत्या, गुडघ्यांनी पार बसल्या होत्या. जाऊ नका कसं सांगणार? आम्ही गेलो.

तिकडचे लोक वाईट नव्हते. ऊस होता, डोंगर होते, हवा छान होती. पण मी 'मले' म्हटलं की शेजारणी हसायच्या, आणि वर्षभरात मी घरातसुद्धा 'मला' म्हणू लागले. तिसऱ्या वर्षी एकदा विहिरीवर एका अनोळखी माणसाने रस्ता विचारला. कुणीतरी बरोबर सांगितला आणि तो गेला. कुणी त्याला 'जेवला का?' विचारलं नाही. त्या दुपारी मला कामच सुचेना. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"परत तिकडं मागून बघ," त्या म्हणाल्या. "मी येती."

तिकडून भंडाऱ्याला बदली मिळायला फार दिवस लागले नाहीत. इकडे यायला कुणी तयारच नसायचं.

नागपूरहून एसटीने निघालो तेव्हा उन्हाळा लागला होता. आत्याबाई खिडकीशी, मी शेजारी. सगळी वाट त्या उन्हाला, धुळीला, ड्रायव्हरला नावं ठेवत होत्या. शहापूर गेलं, भंडाऱ्याची घरं दिसू लागली. त्यांचा हात माझ्या हाताशी आला आणि त्यांनी मनगट घट्ट धरलं. बांगड्या रुतत होत्या, पण मी हात सोडवून घेतला नाही. तीन वर्षांत गल्लीतली माणसं विसरली असतील तर? नवी खोली कशी असेल, यांना उन्हाळा सोसेल का?

स्टँडवर बस थांबली. दारातून एका हमालाने डोकं आत घातलं, आत्याबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतरा, माय. हात द्या इकडं."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि त्याला हात दिला.